हाताचा ब्लॉक उतरतो त्या रात्री घरच्यांनी काय करायचं?

रामबाग_इंदूर
गुरुवार, रात्री १०:१५

मागच्या शनिवारी बाबा (वय ७२) दूध घ्यायला खाली उतरताना वाड्याच्या पायरीवरून घसरले. आमच्याकडे जुन्या वाड्यांच्या फरशीवर श्रावणात शेवाळ धरतं, पाय टिकत नाही. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो बघूनच सांगितलं, प्लेट घालावी लागेल.

बाबांची छाती चांगली नाही. तीस वर्षं सिगारेट होती. सोडली त्यालाही दहा वर्षं होतील, पण पावसाळ्यात पंप लागतोच. त्यामुळे 'पूर्ण भूल' म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. भूलतज्ज्ञ मॅडमनी छाती तपासली, जुने कागद पाहिले आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला झोपवायचं नाही. फक्त हात झोपवू या." काखेत सोनोग्राफी लावून हाताच्या नसा बधिर करणारी सुई दिली, यालाच 'ब्लॉक' म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांत हात लाकडासारखा झाला. बाबा ऑपरेशनभर जागे होते. ड्रिलचा आवाज ऐकू येत होता, हाताला हिसके जाणवत होते, दुखत मात्र काहीच नव्हतं. इथपर्यंत सगळं इतकं चांगलं झालं की आम्ही देवाला साखर ठेवली.

संध्याकाळी सातला घरी आलो. बाबा खुशीत. सगळ्यांना फोन करून "अरे काही दुखत नाही" सांगत होते. खिचडी खाल्ली. मी गोळी द्यायला गेले तर म्हणाले, "दुखत नाही तर गोळी कशाला? उगीच पोट बिघडेल." मलाही ते पटलं. गोळी डब्यातच राहिली.

रात्री साडेबाराला त्यांनी हाक मारली. अंथरुणात कुणाचा तरी गरम, जड हात पोटावर पडलाय म्हणून दचकून जागे झाले होते. तो त्यांचाच हात होता. त्यांना वाटत होतं की आपला हात वर हवेत उचललेला आहे, जसा ऑपरेशनच्या टेबलावर सुई देताना होता तसा. दिवा लावून हात दाखवला तेव्हा कुठे शांत झाले. आणि मग अडीचच्या सुमारास दुखणं सुरू झालं. हळूहळू नाही, एकदम. माझ्या बाबांना मी आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं. त्या रात्री पाहिलं. नर्सिंग होमचा फोन कुणी उचलला नाही. गोळी दिली, ती लागू पडायला तासभर गेला. पहाटे पाचला जरा डोळा लागला.

आता ते ठीक आहेत. पण माझ्या मनातून ती रात्र जात नाही. असं होणं नेहमीचं आहे का? आणि असेल तर आम्हाला कुणीच का सांगितलं नाही? घरी पाठवताना टाके ओले करू नका, हात उंच ठेवा, एवढंच बोलले. इथे डॉक्टर मंडळी आहेत, ज्यांच्या घरी असं झालंय असेही असतील. कृपया लिहा.

---

भूल_बडोदा
गुरुवार, रात्री ११:३०

ताई, मी वडोदऱ्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. रोज दोन-तीन ब्लॉक देतो. तुमचं लिहिणं वाचून वाईट वाटलं, कारण तुमच्या बाबांवर जे गुदरलं ते टाळता येण्यासारखं होतं.

हो, हे नेहमीचं आहे. आम्ही याला 'रिबाउंड पेन' म्हणतो. ब्लॉक उतरला की दुखणं उसळी मारून वर येतं. हाडाच्या ऑपरेशननंतर जास्त, मनगटाच्या प्लेटनंतर तर हमखास आढळणारं.

नीट समजावून सांगतो. नसेतून दुखण्याचा निरोप मेंदूकडे जातो तो सोडियमचे कण नसेच्या आत शिरल्यामुळे. ते जिथून शिरतात ती बारीक दारं आमचं औषध बंद करतं. औषध आहे तोवर निरोप मनगटातून निघतो, पण काखेपाशी अडतो. पण खाली मनगटात जखम तशीच असते. हाड कापलेलं, स्क्रू बसवलेले, सूज चढत असते. मेंदूला त्याचा पत्ता नसतो. औषध उतरतं, दारं उघडतात, आणि आठ-दहा तासांत चढलेल्या सगळ्या दुखण्याची खबर मेंदूला थोड्या वेळात पोचते. पूर्ण भूल दिलेला माणूस जागा होतो तेव्हापासून दुखत असतं, म्हणून त्याला औषधं सुरू झालेली असतात. ब्लॉकवाला मजेत असतो, गोळी नाकारतो, आणि नेमका उघड्यावर सापडतो.

म्हणून नियम एकच. दुखत नसतानाच गोळी सुरू करायची. हात जड आहे, बोटं हलत नाहीत, तेव्हाच पहिली गोळी पोटात गेलेली हवी, आणि मग घड्याळाप्रमाणे. पॅरासिटॅमॉल बहुतेकांना चालतं. सूज उतरवणारी दुसरी गोळी मूत्रपिंड, पोट, रक्तदाब बघून डॉक्टरच ठरवतील. बोटांत मुंग्या यायला लागल्या, एखादं बोट जरासं हललं, की समजायचं ब्लॉक उतरायला लागला. काही रुग्णांत आम्ही डेक्सामेथासोन नावाचं औषध देतो. त्यानं ब्लॉक जास्त वेळ टिकतो आणि ही उसळीही कमी होते. पण साखर असलेल्यांना जपून.

किती तास टिकेल हे औषधावर आहे. लिग्नोकेन दोन-तीन तासांत उतरतं. बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन आठ तासांपासून अगदी अठरा-वीस तासांपर्यंत चालतं. सकाळी अकराला दिलेला ब्लॉक मध्यरात्रीच्या आसपास उतरतो, म्हणजे नेमका घरचे झोपलेले आणि दवाखान्यात कमीत कमी माणसं असतात तेव्हा. ही वेळ आम्हाला माहीत असते. ती सांगितली नाही ही आमची चूक. मी इथे कुणाची बाजू घेणार नाही.

बाबांच्या 'हवेतल्या हाताबद्दल': ते भ्रमिष्ट झाले नव्हते. हात कुठे आहे ही खबरही त्याच नसांतून जाते. ती थांबली की हात शेवटी ज्या स्थितीत जाणवला होता तिथेच आहे असं मेंदू धरून चालतो. आणि हात गरम लागला कारण रक्तवाहिन्या आवळणाऱ्या बारीक नसाही बंद होतात, त्या सैल पडतात, रक्त भरपूर येतं. आम्हाला उलट त्या गरमपणावरून ब्लॉक लागल्याचं कळतं.

---

रामबाग_इंदूर
गुरुवार, रात्री ११:५२

डॉक्टर, खूप आभार. तुमचा निरोप बाबांना वाचून दाखवला. हाताचं कारण ऐकून त्यांना फार बरं वाटलं. ते चार दिवस मनात धरून बसले होते की आपलं डोकं बिघडायला लागलंय. बोलले नव्हते कुणाशी.

---

सिस्टर_आजी
शुक्रवार, सकाळी ६:४०

मी इंदूरलाच एम. वाय. रुग्णालयात परिचारिका होते, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. त्या काळात सोनोग्राफी नव्हती हो. ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, सर कॉलरबोनच्या मागे बोट ठेवून धमनीचे ठोके शोधायचे, तिच्या बाजूने सुई पहिल्या बरगडीच्या रोखानं आत न्यायचे. मी रुग्णाचा चेहरा बघत उभी. "भैया, करंट आया क्या? बोलो, उंगली में झनझनी आयी?" रुग्ण "आयी" म्हणाला की सुई तिथेच थांबवायची, औषध सोडायचं. करंट आला नाही तर सुई मागेपुढे. बरगडीच्या पलीकडे फुप्फुस आहे, एक सूत इकडेतिकडे झालं की छातीत हवा शिरायची. म्हणून असा ब्लॉक दिलेल्या रुग्णाच्या श्वासावर आम्ही रात्रभर कान ठेवून असायचो.

मग करंटचं छोटं यंत्र आलं. सुईच्या टोकाला बारीक वीज, नसेजवळ गेलं की बोटं आपोआप उडायची. रुग्णाला विचारावं लागत नव्हतं. आता पडद्यावर नस दिसते, सुई दिसते, औषध नसेभोवती पसरताना दिसतं. माझ्या भाचीनं दाखवलं मला, काळ्या गोल दाण्यांचा द्राक्षाचा घड असावा तशा नसा.

पण एक सांगते, यंत्र कितीही आलं तरी सुन्न हात सांभाळायचं काम घरच्या माणसाचंच. तेव्हा वॉर्डात आम्ही होतो, आता चार तासांत घरी पाठवतात. सुन्न हाताला चटका कळत नाही. आमच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईनं चहाचा पेला सुन्न हाताला टेकवून ठेवला होता, फोड आले तेव्हा कळलं. गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको. हात पलंगाखाली लोंबकळू द्यायचा नाही, लोखंडी कडेवर कोपर टेकू द्यायचं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला करंगळीची नस अगदी कातडीखाली असते, ती दबली तर ब्लॉक उतरल्यावरही करंगळी सुन्न राहते आणि बोल ब्लॉकला लागतो. झोळी घाला, खाली उशी द्या, आणि रात्री दोनदा उठून बोटांचा रंग बघा. बाबांना माझा नमस्कार सांग बाळा.

---

लष्कर_ग्वाल्हेर
शुक्रवार, दुपारी १:०५

माझा अनुभव खांद्याचा. ग्वाल्हेरलाच दुर्बिणीतून खांद्याचा फाटलेला स्नायू शिवला, गेल्या हिवाळ्यात. मानेच्या बाजूला ब्लॉक दिला होता आणि वर भूलही. जागा झालो तर बायको माझ्याकडे बघून रडायलाच लागली. माझी उजवी पापणी अर्धी खाली आलेली, आवाज बसलेला. तिला वाटलं लकवा झाला. तिच्या वडिलांना लकवा असाच सुरू झाला होता, त्यामुळे तिला दोष कसा देऊ? शिवाय मला श्वास पुरेसा येत नाही असं वाटत होतं, छाती एका बाजूनं भरतच नव्हती. नर्स म्हणाली "ठीक हो जाएगा" आणि गेली. रात्री सगळं आपोआप ठीक झालं. पण ते आठ तास आम्ही दोघांनी कसे काढले ते आम्हालाच माहीत.

---

भूल_बडोदा
शुक्रवार, दुपारी ३:२०

लष्करदादा, तुम्हाला जे झालं ते त्या ब्लॉकबरोबर येणारंच आहे. खांद्याच्या नसा मानेत जिथे पकडतात तिथे शेजारून पडद्याची नस जाते. पडदा म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू. नेहमीच्या मात्रेत औषध दिलं तर त्या बाजूचा पडदा जवळजवळ प्रत्येकात काही तास थांबतो. दोन्ही फुप्फुसं धडधाकट असतील तर बऱ्याच जणांना कळतही नाही, तुम्हाला जाणवलं. पापणी पडणं आणि बाहुली बारीक होणं हेही शेजारच्याच नसांमुळे. त्यात चेहरा वाकडा होत नाही, हातपाय लुळे पडत नाहीत, बोलणं अडखळत नाही, आवाज फक्त घोगरा होतो. लकव्यात आणि यात हा फरक आहे. वहिनींना हे आधी दोन वाक्यांत सांगायला हवं होतं.

आता रामबागताईंच्या बाबांकडे वळतो. त्यांच्या डॉक्टर मॅडमनी ब्लॉक काखेतूनच का दिला, याचं उत्तर इथेच आहे. मनगटासाठी कॉलरबोनच्या वरूनही ब्लॉक देता येतो, पण तिथेही पडद्याची नस काही प्रमाणात सापडते. काखेत ती नसतेच, आणि फुप्फुसही दूर. ज्यांची छाती आधीच कमजोर, त्यांच्यात ही निवड फार मोलाची. तेवढ्यापुरतं त्यांचं काम उत्तम झालं आहे हेही मनापासून लिहितो.

---

जेल_रोड
शुक्रवार, रात्री ९:१०

सगळे ब्लॉकचं कौतुक करताय म्हणून लिहितो. माझा हात सुन्न झालाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी कोपराजवळचं हाड मोडलं होतं. गावाचं, दवाखान्याचं नाव घेत नाही. सुई दिली, पंधरा मिनिटांनी विचारलं "हो गया?" मी म्हणालो की अंगठ्याकडची बाजू अजून कळतेय. डॉक्टर म्हणाले, "वो सिर्फ दबाव लगता है." सर्जननं चिमटा लावला आणि मी ओरडलो. तेव्हाही कुणीतरी म्हणालं की घाबरलाय. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा तोंडावर मास्क आला आणि मग काही आठवत नाही. ऑपरेशन चांगलं झालं, हात पूर्ण वळतो. पण आजही दाताच्या डॉक्टरकडे सुई बघितली की घाम फुटतो. दुखतंय म्हणून सांगितल्यावर माणसाचा विश्वास का धरत नाहीत?

---

भूल_बडोदा
शुक्रवार, रात्री १०:४५

धरायलाच हवा. यावर दुसरं उत्तर नाही.

अंगठ्याकडची बाजू म्हणालात ते अगदी नेमकं आहे. काखेत तीन नसा धमनीभोवती एकत्र असतात, पण चौथी आधीच फुटून दंडाच्या स्नायूत शिरलेली असते. ती कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं खाली जाते. तिला वेगळी सुई द्यावी लागते. ती राहिली तर नेमकी तीच पट्टी जागी राहते. हे तुम्ही तिथे बोललात, तुम्ही शरीरशास्त्र शिकलेले नसताना. तेवढ्यावरच आणखी थोडं औषध देऊन हे सुटलं असतं.

ब्लॉक तपासण्याची पद्धत साधी आहे. स्पिरिटचा बोळा लावून गार लागतो का, मग टोचून दुखतं का, प्रत्येक नसेच्या भागात वेगळं. बारीक तंतू आधी बंद होतात, म्हणून गार-गरम आणि दुखणं आधी जातं. स्पर्श आणि हालचाल मागून. दबाव किंवा ओढ बऱ्याचदा शेवटपर्यंत कळते, ते खरं आहे. पण दबाव आणि दुखणं यातला फरक रुग्णाला कळतो. आम्हाला त्याच्या तोंडूनच कळतो.

आणि म्हणूनच ब्लॉक असला तरी उपाशी ठेवतात. लोक विचारतात, फक्त हातच सुन्न करायचा तर सकाळी खाल्लं म्हणून काय बिघडलं? ब्लॉक अपुरा पडला तर पूर्ण भूल द्यावी लागते, जशी तुम्हाला दिली. पोट भरलेलं असेल तर उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका. जेवणानंतर सहा ते आठ तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. इंदूरकरांनो, एक प्लेट पोहेसुद्धा जेवणातच धरा.

---

जेल_रोड
शुक्रवार, रात्री ११:००

आभार डॉक्टर. दोन वर्षांनी कुणीतरी म्हणालं की मी खरं बोलत होतो.

---

तिळक_नगर_मास्तर
शनिवार, सकाळी ९:३०

मी विज्ञानाचा शिक्षक होतो, म्हणून इतिहासात थोडं डोकावतो. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब डोळ्यात टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्याच्या पाठोपाठ अमेरिकेत हॉलस्टेड यांनी कोकेन थेट नसेभोवती सोडून बघितलं. स्वतःवर प्रयोग करता करता त्या मोठ्या सर्जनला कोकेनचं व्यसन जडलं, आणि त्यापायी त्यांनी फार सोसलं. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या मणक्यात औषध देऊन पहिलं ऑपरेशन केलं, तेही घोट्याच्या क्षयाचं, म्हणजे हाडाचंच. नंतर त्यांनी आणि त्यांच्या सहायकानं ते एकमेकांवर करून पाहिलं. सहायकाच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली तरी त्याला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना ठणकणारं डोकं आणि सहायकाच्या नडगीवर काळेनिळे डाग. १९११ मध्ये कुलेनकाम्फ यांनी कॉलरबोनवरचा ब्लॉक आधी स्वतःवर दिला.

ताईंच्या बाबांना मी एवढंच सांगेन की तुमच्या एका सुन्न हातामागे स्वतःच्या हातापायात सुई टोचून घेणारी माणसं आहेत. कोकेनची जागा आधी प्रोकेन नावाच्या औषधानं घेतली, आणि मग १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झालं.

---

एबी_रोड_आई
शनिवार, दुपारी १२:१५

माझ्या मुलाचा मे महिन्यात बाइकवर अपघात झाला, वय १९. नडगीची दोन्ही हाडं. तो वेदनेनं तळमळत होता आणि मी डॉक्टरांच्या पाया पडले की हा जो ब्लॉक म्हणतात तो द्या, पैसे काय ते घ्या. त्यांनी नाही म्हटलं. मला तेव्हा फार राग आला. अजूनही आहे. इथे वाचते तर सगळ्यांना मिळतो, मग माझ्या लेकाला का नाही?

---

भूल_बडोदा
शनिवार, दुपारी २:००

ताई, तुमचा राग समजतो. कारण सांगतो, आणि या बाबतीत मी त्या डॉक्टरांच्या बाजूनं आहे.

नडगीत स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांमध्ये असतात. हाड मोडल्यावर आत रक्त आणि सूज साठते, कप्पा ताणू शकत नाही, दाब वाढत जातो आणि स्नायूंचं रक्त बंद होतं. काही तासांत स्नायू मरू शकतात, पाय कायमचा जातो. उपाय एकच, तातडीनं आवरण चिरून दाब सोडणं. आणि हे वेळेत ओळखायची सगळ्यात पहिली खूण म्हणजे प्रमाणाबाहेर दुखणं, औषधाला न जुमानणारं, आणि पायाची बोटं कुणी वर ताणली तर असह्य होणारं. तरुण मुलगा, जोराचा मार, नडगी, या तिन्ही गोष्टी जुळल्या की धोका सर्वात जास्त. ब्लॉकनं पाय सुन्न केला असता तर ती खूणच झाकली जाण्याची भीती होती. आता काही ठिकाणी सौम्य औषधाचा ब्लॉक देऊन, तासातासाला पाय तपासत, दाब मोजायची सोय ठेवून हे करतात, पण त्यासाठी चोवीस तास जागं पथक लागतं. ते नसेल तर नाही म्हणणं हेच बरोबर. तुमच्या मुलाचा पाय वाचावा म्हणून त्याला दुखू दिलं. हे तुम्हाला त्याच रात्री कुणी समजावून सांगितलं असतं तर तुम्ही ते सहन केलं असतंत.

प्लास्टर असलेल्या प्रत्येकासाठी हेच. ब्लॉक उतरल्यावर दुखणार, पण गोळी घेऊनही दुखणं चढतच राहिलं, बोटं ताणली की किंचाळायला होतं, बोटं पांढरी-निळी किंवा गार पडली, तर सकाळची वाट बघू नका.

---

एबी_रोड_आई
शनिवार, दुपारी २:२५

वाचलं. दोनदा वाचलं. मुलगा आता काठीनं चालतो. त्या डॉक्टरांना जाऊन भेटीन.

---

सुदामा_नगर
शनिवार, संध्याकाळी ७:४०

फार वेळेवर हा धागा सापडला. माझी आई, वय ८१, काल न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. सोमवारी ऑपरेशन म्हणतायत. तिला हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, क्लोपिडोग्रेल. एक्स-रेच्या टेबलावर घेताना ती इतकी ओरडली की मी बाहेर पळालो, मला बघवेना. तिला हलवलं की मरणयातना होतात. पाठीतलं इंजेक्शन गोळीमुळे देता येणार नाही म्हणतात. काय विचारू त्यांना?

---

भूल_बडोदा
शनिवार, रात्री ८:३०

गोळी बंद करायची की चालू ठेवायची हे स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना विचारा. शेवटची कधी घेतली ती वेळ भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. क्लोपिडोग्रेल असताना पाठीतलं इंजेक्शन सहसा ५ ते ७ दिवस देत नाहीत, मणक्यात रक्त साठून पाय लुळे पडण्याचा धोका असतो म्हणून. पण मोडक्या खुब्यासह एवढे दिवस अंथरुणात पडून राहणं ८१ वर्षांच्या आईंना त्याहून वाईट. छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, म्हातारी माणसं बडबडायला लागतात. म्हणून बऱ्याचदा हलकी पूर्ण भूल आणि सोबत ब्लॉक असं करून लवकर उरकतात.

आज, आत्ता विचारण्यासारखं: जांघेतला ब्लॉक ऑपरेशनआधीच देता येईल का? जांघेच्या वरच्या बाजूला स्नायूवरच्या पातळ आवरणाखाली औषध पसरवतात, ते मांडीच्या नसेपर्यंत पोचतं. कातडीपासून फार खोल नाही, रक्त आलं तर दाबून थांबवता येतं, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरही बहुतेक वेळा चालतो. पूर्ण दुखणं जात नाही, पण कूस बदलणं, भांडं घेणं, टेबलावर सरकवणं सोसण्याइतकं होतं. अफूच्या जातीची इंजेक्शनं कमी लागतात, त्यामुळे आई शुद्धीत आणि बोलत्या राहतात. २०१८ मध्ये खुब्याच्या सांध्याच्या नेमक्या बारीक नसा पकडणारा आणखी एक ब्लॉक पुढे आला, त्यात मांडीची ताकद बरीचशी टिकते. तुमच्याकडे कुठला करतात ते त्यांच्यावर सोडा. आणि ब्लॉक असेपर्यंत आईंना एकट्यानं उभं राहू देऊ नका. मांडीचा स्नायू सुन्न असला की गुडघा दुमडतो आणि माणूस कोसळतो.

ब्लॉक देताना कुणीतरी आईंशी बोलत राहावं. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव यातलं काही वाटलं तर लगेच सांगायचं. औषध रक्तात चढत असल्याची ती पहिली खूण असते. त्यावर उतारा म्हणून दुधासारखं पांढरं चरबीचं सलाइन असतं. माझ्या ओटीत त्याची बाटली हाताशी असल्याशिवाय मी सुई उचलत नाही.

---

सिस्टर_आजी
शनिवार, रात्री ९:०५

सुदामानगरच्या बाळा, एक्स-रेला पुन्हा नेतील तेव्हा पळू नकोस. आईच्या डोक्याशी उभा राहा, तिचा हात धर. माझ्या सगळ्या नोकरीत मी हेच पाहिलं, ओळखीचा हात असला की म्हातारी माणसं निम्म्यानं कमी ओरडतात.

---

रामबाग_इंदूर
रविवार, सकाळी ८:१५

बाबांनी काल डाव्या हातानं एक कागद लिहिला, वेडावाकडा. उद्या आमच्या वाड्यातल्या काकूंचं कोपराचं ऑपरेशन आहे, त्यांच्यासाठी. 'सुई किती वाजता दिली ते विचारून लिहून ठेवा. कोणतं औषध, किती तास टिकेल तेही विचारा. दुखत नसलं तरी पहिली गोळी घ्या, जेवणानंतर. रात्री बारा आणि पहाटेचा गजर लावा. रात्री फोन कोण उचलेल त्याचा नंबर घरी निघण्याआधी घ्या आणि तिथेच लावून बघा. मध्यरात्री अंथरुणात परका हात सापडला तर घाबरू नका, तो तुमचाच.' शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा गिरवलंय.

नर्सिंग होममध्ये मी काल जाऊन आले. भांडायला नाही, सांगायला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. घरी सोडतानाच्या कागदावर ब्लॉकची ओळ नाहीये हे त्यांनाही खटकलं. बाबांचा कागद त्यांनी मागितला आहे.

---

सुदामा_नगर
मंगळवार, पहाटे ५:५०

रविवारी सकाळी जांघेतला ब्लॉक दिला. दुपारी एक्स-रेला नेलं तेव्हा मी आत उभा होतो. आई कण्हली, पण ओरडली नाही. काल ऑपरेशन झालं. हलकी भूल दिली होती, आणि शेवटी पुन्हा ब्लॉक. रात्री बाराला गजर लावून सिस्टरला उठवलं, त्यांनी सलाइनमधून दुखण्याचं औषध दिलं. आता सहाचं द्यायचंय, मी बाकावर बसून घड्याळ बघतोय. आई झोपलीय. पायाची बोटं गरम आहेत, रंग चांगला आहे, मघाशी मी बघितली.